किती वर्षांचा डेटा न्यायचा, आणि बाकीच्याचं काय करायचं?

पत्राचा सारांश

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स सांभाळणाऱ्या वाचक लिहितात:

आमचं स्टोअर्स, डिस्पॅच आणि पगार १९९८ पासून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेतलेल्या प्रोग्रामवर चालतात. हिशेब टॅलीत आहेत. आता कंपनी महापेला नव्या जागेत चालली आहे आणि १ एप्रिलपासून सगळं एकाच क्लाउड ईआरपीवर (स्टोअर्स, पगार, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या, इंटरनेटवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर) येणार आहे. ईआरपीवाले म्हणतात, मास्टर (पार्टी, आयटम यांच्या मूळ याद्या), ओपनिंग बॅलन्स आणि फार तर दोन वर्षांचे व्यवहार आणू. त्यामागच्या प्रत्येक वर्षाचे पैसे वेगळे. धाकटे साहेब म्हणतात, कायदा आठ वर्षांचा आहे, त्याआधीचं सगळं काढून टाका आणि जुने कॉम्प्युटर भंगारात द्या. मोठे साहेब म्हणतात, पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक एंट्री नव्यात आलीच पाहिजे. ज्या काकांनी प्रोग्राम लिहिला ते आता सत्तरीला आलेत, महिन्यातून एकदा डोंबिवलीहून येतात. त्यांना कोणी काही विचारलं नाही म्हणून ते दुखावलेत. एक्साइजचं एक जुनं अपील अजून चालू आहे. मी सगळं एका हार्ड डिस्कवर कॉपी करून कपाटात ठेवायचं म्हणतेय, तेवढं पुरेल ना? आणि 'डेटा मायग्रेशन पूर्ण झालं' या कागदावर सही मला करायची आहे. मी कॉमर्सची, कॉम्प्युटरचं मला फारसं कळत नाही. पुढे काही सापडलं नाही तर जबाबदारी माझ्यावर येईल का?

उत्तर

तुमच्या दोन्ही साहेबांचा वाद 'किती वर्षं' या आकड्यावर अडकलाय, पण तिथे खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत. रोजचं काम चालायला नव्या सॉफ्टवेअरमध्ये काय लागेल, हा एक. आणि कंपनीजवळ काय असायलाच हवं, मग ते कुठे का असेना, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ईआरपीवाले देऊ शकतात. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही, तुमचे सीए आणि संचालक यांनी मिळून ठरवायचं आहे.

नव्यात काय न्यायचं याबाबत ईआरपीवाल्यांचं म्हणणं मला पटतं. पार्टी आणि आयटम मास्टर, अपूर्ण ऑर्डरी, बिलवार येणी-देणी, हातातला स्टॉक, मशिनरीचं रजिस्टर, ओपनिंग बॅलन्स आणि तुलनेसाठी मागची एक-दोन वर्षं. एवढ्यावर कारखाना चालतो. मोठ्या साहेबांची तळमळ मला कळते, पण १९९८ चं डिस्पॅच नव्या ईआरपीत कोंबायला गेलात तर काय होईल ते बघा. तेव्हाच्या इन्व्हॉइसवर एक्साइजचे रकाने आहेत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना जागाच नाही. आयटम कोडही मधल्या काळात बदलले असणार. मग कुठला तरी आकडा 'इतर'मध्ये टाकायचा, जुना कोड अंदाजाने नव्याला जोडायचा, असं करत करत ती नोंद मूळची राहतच नाही. पैसे खर्च करून आपणच आपला पुरावा बिघडवायचा, असं ते होईल. मोठ्या साहेबांना हे सांगा की एकही एंट्री जाणार नाही, फक्त ती नव्या ईआरपीत नसेल.

आता धाकट्या साहेबांची आठ वर्षं. ती त्यांनी हवेतून काढलेली नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे लगतच्या मागच्या किमान आठ आर्थिक वर्षांची हिशेबाची पुस्तकं व्हाउचरसकट ठेवावी लागतात. पण तो 'किमान' शब्द महत्त्वाचा आहे, आणि ती मुदत हिशेबाच्या पुस्तकांची आहे, कारखान्यातल्या प्रत्येक कागदाची नव्हे. जीएसटीची मोजणी निराळी: वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२३-२४ चं वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचं होतं, तर त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवायच्या. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर त्या विषयाच्या नोंदी अंतिम निकालानंतर आणखी एक वर्ष. दोन्हींत जी तारीख उशिराची असेल ती धरायची.

तुमचं अपील एक्साइजचं, जीएसटीच्या आधीचं. तरी व्यवहार तोच. त्या काळाचं एकही चलन, एकही रजिस्टर, एकही फाइल निकाल पूर्ण लागेपर्यंत हलवू नका, मग त्याला पंधरा वर्षं लागोत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा जुनं क्रेडिट ट्रॅन-१ या फॉर्ममधून पुढे आणलं असेल, तर त्यामागची बिलंही याच गठ्ठ्यात ठेवा. 'आठ वर्षांआधीचं काढा' हा हुकूम अमलात आणण्याआधी वकिलांना आणि सीएंना लेखी विचारा की कोणकोणती प्रकरणं उघडी आहेत. त्या यादीला हात लावायचा नाही, हे धाकट्या साहेबांनाही मान्य होईल. कारण अपील हरण्याची किंमत त्यांना ठाऊक आहे.

कागद जपायची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मात्र कराच्या बाहेर, तुमच्या स्टोअर्समध्ये आणि पगारात.

तुम्ही व्हॉल्व्ह बनवता. त्यातले काही बॉयलरवर जात असतील, म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सखाली फॉर्म तीन-सी हे प्रमाणपत्र लागतं. समजा एखाद्या साखर कारखान्यात तुमचा व्हॉल्व्ह बसून बारा वर्षं झाली. तपासणीच्या वेळी त्याचं प्रमाणपत्र सापडत नाही, आणि तिथला माणूस व्हॉल्व्हवर कोरलेला नंबर तुम्हाला फोनवर सांगतो. तुम्ही काय करता? सीरियल नंबरवरून फॉक्सप्रोत डिस्पॅच शोधता, त्यावरून कास्टिंगचा हीट नंबर (धातूच्या एका ओतणीला दिलेला क्रमांक), हीट नंबरवरून फाउंड्रीचं टेस्ट सर्टिफिकेट. ही साखळी आज फक्त त्या जुन्या प्रोग्राममध्ये आहे. ओपनिंग स्टॉक नव्यात नेताना आकडा जातो, साखळी तुटते. टॅलीतली सगळी वर्षं सांभाळलीत तरी ती परत मिळणार नाही. तेव्हा ज्या मालावर प्रमाणपत्र दिलंय, त्याची नोंद तो माल वापरात असेपर्यंत ठेवायची असा नियम कंपनीने स्वतःच करावा. इन्स्पेक्टरच्या सहीचे मूळ कागद स्कॅन झाले तरी फेकू नयेत.

पगाराचंही तसंच. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. जादा पेन्शनबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ ला आला, आणि अर्ज केलेल्या कामगारांच्या वेतनाचे तपशील मालकांना पोर्टलवर भरावे लागले. काहींच्या बाबतीत पार नव्वदीच्या दशकातले महिनेवार पगार शोधावे लागले. ज्यांनी आठ वर्षांचा हिशेब लावून मस्टर आणि पगारपत्रकं रद्दीत घातली होती, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, आणि नुकसान झालं ते मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाचं. ग्रॅच्युइटीही पूर्ण नोकरीच्या वर्षांवर मोजतात. म्हणून रुजू झाल्याची तारीख, दरमहाचं वेतन, पीएफची कपात आणि नोकरी सोडल्याची तारीख, या चार गोष्टी प्रत्येक कामगारामागे कायमच्या जपाव्यात असं माझं ठाम मत आहे. जागा तशी काहीच लागत नाही.

आणखी एक, कारण तुम्ही जागा सोडताय. वागळे इस्टेटचा प्लॉट एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या लीजवर असेल. तो हस्तांतर करायचा तर लीजडीड, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र हे मूळ कागदच लागतात. शिवाय २००१ नंतर शेड वाढवली असेल तर त्या बांधकामाची बिलं भांडवली नफा काढताना लागू शकतात. ती २००६ ची असली तरी आज उपयोगाची आहेत. टेम्पो भरायच्या घाईत असे कागद जातात. हे बांधकामाचं कपाट तुम्ही स्वतः उभं राहून बांधून घ्या.

म्हणजे सगळंच ठेवायचं का? नाही. इथे मोठ्या साहेबांना थोडं थांबवावं लागेल. नोकरीसाठी आलेल्या आणि न घेतलेल्या मुलांचे बायोडेटा, सोडून गेलेल्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, बँक पासबुकाचे फोटो, ते कोणाच्या तरी डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं पडून असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा रोख स्पष्ट आहे: काम संपलं आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवणं बंधनकारक नसेल, तर माणसाची माहिती पुसायची. जे काढाल त्याची एका वहीत नोंद करा. काय होतं, कुठल्या काळातलं, का काढलं, कोणी मंजुरी दिली, तारीख. जुने कॉम्प्युटर देताना आधी डिस्क नीट पुसून घ्या आणि ते नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्या. डिलीट करून रीसायकल बिन रिकामी केली म्हणजे डिस्क पुसली गेली असं नाही.

आता तुमच्या हार्ड डिस्कबद्दल. कॉपी करायचं तुम्हाला सुचलं हे चांगलंच, पण कपाटातली एक डिस्क पुरणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद कशी जपायची ते सांगितलंय: पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी ती उपलब्ध हवी, आणि मूळच्या स्वरूपात, किंवा मूळ माहिती अचूक दाखवते हे सिद्ध करता येईल अशा स्वरूपात हवी. तुमच्या डिस्कवर फॉक्सप्रोच्या फाइली असतील, पण त्या उघडायला प्रोग्राम नसेल, तर त्या असून नसल्यासारख्या. डॉसवरचे जुने फॉक्सप्रो प्रोग्राम आजच्या ६४-बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत. व्हिज्युअल फॉक्सप्रो चालतं, पण त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्येच बंद केला. जीएसटीच्या नियमांत, नियम ५७ मध्ये, तर असंही आहे की अधिकाऱ्याने मागितलं तर फाइलींचे पासवर्ड आणि त्यात वापरलेल्या कोडचा अर्थ देता आला पाहिजे. तुमच्या प्रोग्रामातल्या 'आर-४' किंवा 'एक्सटी' या खुणांचा अर्थ आज कोणाला सांगता येईल? मला वाटतं, फक्त काकांना.

तुम्ही म्हणता कॉम्प्युटरचं कळत नाही. फॉक्सप्रोमधली एक गोष्ट मात्र समजून घ्या, कारण घोटाळा इथेच होतो आणि तो अकाउंट्सच्या माणसालाच पकडता येतो. या प्रोग्राममध्ये एंट्री 'डिलीट' केली तरी ती फाइलमधून जात नाही. तिच्यावर फक्त खूण पडते, आणि 'पॅक' ही आज्ञा दिली तरच ती खरी निघते. रोजच्या वापरात प्रोग्राम त्या खुणेच्या एंट्र्या लपवतो म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. ईआरपीवाल्यांनी दुसऱ्या साधनाने त्याच फाइली वाचल्या, तर रद्द केलेली डिस्पॅच चलनं जिवंत होऊन येऊ शकतात. तसंच मोठा मजकूर, म्हणजे शेरे आणि ग्राहकाच्या खास अटी, वेगळ्या एफपीटी फाइलमध्ये असतो. फक्त डीबीएफ, म्हणजे मुख्य टेबलाची फाइल, उचलली की तो मागेच राहतो. आणि कामगारांची नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्याची निरर्थक चिन्हं दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलायची आणि मग एकेक नाव डोळ्यांनी तपासायचं. रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात.

म्हणून जुन्या सिस्टीमची जपणूक अशी करून घ्या. आख्खं फोल्डर, प्रोग्रामसकट, जसंच्या तसं. शिवाय प्रत्येक टेबल युनिकोडमधल्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर), सोबत कोणता रकाना म्हणजे काय आणि कोणता कोड म्हणजे काय याची यादी. इन्व्हॉइस, स्टोअर्सचं लेजर, पगारपत्रक यांच्या प्रिंट जशा निघायच्या तशाच पीडीएफमध्ये. हे सगळं तयार होईल त्याच दिवशी फाइलींचा हॅश (फाइलीवरून निघणारा, तिच्यात जरा बदल झाला तरी बदलणारा आकडा) काढून कागदावर छापा आणि त्यावर सही-तारीख घाला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी नोंद कोर्टात द्यायची झाली तर प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. तो आधीच काढलेला असला तर मधल्या काळात काही बदललं नाही हे दाखवायला तुमच्या हातात काही असतं. जुन्या मशीनची प्रतिमा व्हर्च्युअल मशीन (नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा जुना कॉम्प्युटर) म्हणून ठेवायला आयटीवाले सुचवतील. ठेवा, पण इंटरनेटला न जोडता, आणि दोन-तीन वर्षांची सोय म्हणूनच. भिस्त सीएसव्ही आणि पीडीएफवर. प्रती दोन, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि त्यातली एकही तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ ला ठाण्यात तळमजल्याच्या ऑफिसांतल्या कागदांचं काय झालं ते मोठ्या साहेबांच्या लक्षात असेलच.

टॅलीचं वेगळं बघावं लागेल. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, असणं आणि तो बंद न करता येणं बंधनकारक आहे, आणि तो जपून ठेवलाय की नाही यावर ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. ओपनिंग बॅलन्स ईआरपीत गेले तरी तो लॉग त्यांच्याबरोबर जात नाही. म्हणून टॅलीचा मूळ डेटा लॉगसकट ठेवा आणि तो उघडू शकणारी आवृत्ती आणि लायसन्स चालू ठेवा. जुन्या आवृत्तीतली वर्षं नव्या आवृत्तीत थेट उघडत नाहीत, रूपांतर करावं लागतं; ते हाताखाली माणूस आहे तोवर करून घ्या. आणि ईआरपीच्या करारात दोन गोष्टी पाहा: हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर होतो ना, आणि उद्या त्यांना सोडलं तर आपला डेटा आपल्याला कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल. या दुसऱ्या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय संचालकांनी सही करू नये.

१ एप्रिलची तारीख चांगली आहे. फक्त ३१ मार्चला जुनं बंद करू नका. मागच्या वर्षाचं ऑडिट सप्टेंबरपर्यंत चालेल, जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र डिसेंबरअखेर. तोपर्यंत जुन्या प्रोग्राममध्ये नवी एंट्री बंद, पाहणं चालू.

आता तुमची सही. 'मायग्रेशन पूर्ण झालं' या एका ओळीवर ती करू नका. त्याऐवजी तपशिलाचा कागद करा: कोणती माहिती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणली, जुन्यात इन्व्हॉइसची संख्या आणि रक्कम महिनावार किती होती, नव्यात किती आली, फरक किती आणि का. ट्रायल बॅलन्स जुळला का. स्टॉक आयटमवार जुळला का. पीएफचं वेतन भरलेल्या ईसीआरशी (पीएफच्या मासिक विवरणपत्राशी) जुळलं का. आणि शेवटी: अमुक माहिती नव्यात आणलेली नाही, ती अमुक ठिकाणी आहे. हे सगळं तुम्ही रोज करता तेच जुळवणीचं काम आहे, आणि ईआरपीच्या मुलांपेक्षा तुम्हाला ते नक्कीच चांगलं येतं. अशा कागदावर तुम्ही निर्धास्त सही करा.

जबाबदारीचं विचारलंत म्हणून सांगते. कलम १२८ प्रमाणे पुस्तकं न जपण्याची जबाबदारी मॅनेजिंग डायरेक्टर, अर्थ सांभाळणारे पूर्णवेळ संचालक, सीएफओ यांच्यावर येते, किंवा संचालक मंडळाने हे काम ज्याच्यावर सोपवलं असेल त्याच्यावर. दंड पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत आहे. तुम्ही अकाउंट्स पाहता एवढ्यामुळे ती तुमच्याकडे येत नाही. पण 'हे तुम्हीच बघा' असं मंडळाने ठरवून दिलं तर येऊ शकते. तेव्हा तोंडी काही घेऊ नका. काय किती वर्षं ठेवायचं, कुठे ठेवायचं, काढायचं असेल तर मंजुरी कोणाची, हे एका पानावर लिहा, सीएंकडून तपासून घ्या आणि मंडळाच्या ठरावात मंजूर करून घ्या. दोन साहेबांमधला वादही त्या पानावरच मिटेल, कारण तिथे प्रत्येकाला आपलं म्हणणं एकेका ओळीत पाहावं लागेल.

राहिले काका. त्यांना या आठवड्यातच फोन करा. सेंड-ऑफच्या कार्यक्रमाचं वगैरे बोलू नका, कामासाठीच बोलवा. धाकट्या साहेबांकडून महिना-दीड महिन्याचं मानधन आधी ठरवून घ्या, पत्र द्या, आणि ईआरपीवाल्यांच्या मीटिंगला त्यांना टेबलावर बसवा. प्रत्येक कोडचा अर्थ, कोणत्या वर्षी कोणता रकाना बदलला, 'पॅक' कधी केलं होतं, रात्री कुठली फाइल कुठे कॉपी होते, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. ते प्रोग्राम चालवून दाखवतील तेव्हा मोबाइलवर चित्रण करा. मग ते घरी परतल्यावर त्यांच्या टिपणावरून २००९ चा एखादा व्हॉल्व्ह सीरियल नंबरपासून टेस्ट सर्टिफिकेटपर्यंत तुम्ही स्वतः शोधून बघा. जिथे अडाल तिथे खूण करा आणि पुढच्या वेळी ते आले की तेवढंच विचारा.